चिंचेने धुतलेली काच

व्यासराजाला कोणी विचारलं, काय हो, तुम्ही करता काय, की तो म्हणायचा, काचेतून बघतो. यात खोटं काही नव्हतं. कुंभकोणमला महामहम तळ्याच्या मागच्या गल्लीत डॉक्टर महालिंगांचं स्कॅन सेंटर आहे. तिथे तो एकतीस वर्षं एक्स-रे काढत आला. माणसाला टेबलावर निजवायचं, आपण आडोशाला जायचं, काचेतून बघत "मूच्चु पिडिंग" म्हणजे श्वास धरा म्हणून ओरडायचं आणि बटण दाबायचं. पहिली पंधरा वर्षं ओल्या फिल्मची होती. अंधाऱ्या खोलीत औषधात हात बुडवून बुडवून नखं तपकिरी व्हायची. त्या वासापायी बायकोने, म्हणजे सीतालक्ष्मीने, लग्नानंतर सहा महिने नाकाला पदर लावून वाढलं असं तो सांगतो. ती म्हणते, सहा नव्हे, तीनच.

मग डिजिटल आलं, सीटी स्कॅन आलं आणि तीन वर्षांपूर्वी पवित्रा आली. पवित्रा त्याच्या बहिणीची मुलगी, डिप्लोमा करून आलेली, हाताला चलाख. घरात यांची मराठी, तीही पणजोबांच्या पणजोबांनी तंजावरास आणलेली, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की तमिळ. पण काचेच्या अलीकडे दोघंच असली की मामा-भाची खुशाल घरच्या बोलीत बोलायची. पलीकडच्या पेशंटला वाटायचं, ही माणसं यंत्राशीच काही पुटपुटताहेत.

काचा दोन होत्या. एक सीटीच्या खोलीची, भिंतीत बसवलेली, चांगली दारभर रुंद. दुसरी एक्स-रेच्या खोलीत, चाकांवरच्या शिशाच्या पडद्यात, तोंडासमोर येईल अशी, वहीएवढी. दोन्ही साध्या नव्हेत, त्यांच्यात शिसं घातलेलं असतं म्हणून किरण अडतात, एवढंच व्यासराजाला माहीत होतं. एवढ्यावर त्याने एकतीस वर्षं निभावली, आणि खरं सांगायचं तर याहून जास्त कोणी त्याला विचारलंही नव्हतं.

आता आयुधपूजा म्हणजे काय हे तिकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. वर्षभर जे हत्यार पोट भरतं, त्याला त्या दिवशी धुऊन, पुसून, चंदन-कुंकू लावून हात जोडायचे. रिक्षावाला रिक्षा धुतो, शिंपी शिवणयंत्र पुसतो. व्यासराज तर यंत्राच्या चाकांच्या फटीत जुना टूथब्रश घालून घासणारा माणूस. त्या वर्षी त्याच्या डोळ्यांत खुपले ते काचांवरचे डाग. "गर्भवती असाल तर आधी सांगा" अशा सूचनेचे कागद दोन्ही काचांवर कधीकाळी चिकटवलेले होते. कागद गेले, डिंक राहिला. तो ओल्या फडक्याला दाद देईना.

सीतालक्ष्मीने पूजेची समई आणि तबक घासायला म्हणून चिंचेचा मोठा गोळा मिठात कालवून डब्यात दिला होता. कुंभकोणमचं पितळ आणि चिंच हे लग्नच आहे. समई घासून झाली, लखलखली, आणि डब्यात निम्मी चिंच उरली. उरलेली फेकून देईल तर तो व्यासराज कसला. त्याने ती दोन्ही काचांवर जाड थापली, मुरू दे रात्रभर म्हणाला, आणि फुलं आणायला बाजारात निघून गेला.

सकाळी धुतलं. एक्स-रेच्या पडद्याची छोटी काच अशी लख्ख निघाली की आहे की नाही कळेना. सीटीची मोठी काच मात्र वाळल्यावर धुरकटली. जिथे जिथे चिंच होती तिथे तिथे पांढुरका पडदा, आणि तिरकं पाहिलं तर पाण्यावर सांडलेल्या तेलासारखे निळे-जांभळे रंग. त्याने पुन्हा पुसली. साबण लावला. विभूतीची पूड घासली. शेवटी बनियनच्या टोकाने रगडली. काच ढिम्म.

त्याला काही सुचेना. चिंच तीच, हात तोच, रात्र तीच, मग एक हसते आणि दुसरी का रुसते? पूजेला माणसं येऊ लागली तेव्हा त्याने सरळ त्या डागांवर चंदनाचे मोठाले पट्टे ओढले आणि मधोमध कुंकू लावलं. डॉक्टर महालिंगांनी दोन दिवसांनी विचारलं, ही काच अशी का दिसते. हा म्हणाला, जुनी झाली, सर. एकतीस वर्षांत साहेबाशी बोललेलं ते त्याचं पहिलं खोटं होतं, आणि ते इतकं गुळगुळीत निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

खोटं पचलं, पण झोप गेली. कारण त्या फडक्याचं त्याला आठवलं. काच पुसली तेव्हा पांढरं फडकं करडं झालं होतं. ती धूळ होती की शिसं होतं? काचेतलं शिसं चिंचेने ओढून बाहेर काढलं असेल, तर आत उरलं काय? आणि त्या काचेमागे दिवसभर बसते कोण? पवित्रा. पवित्राला चौथा महिना होता. आदल्या वर्षी तिचं एक तिसऱ्याच महिन्यात गेलं होतं. ते दुःख अख्ख्या घराने गिळलं होतं, त्यावर कोणी बोलत नसे. या वेळची बातमी नवरा, आई आणि मामा यांच्यापलीकडे तिने कोणाला सांगितली नव्हती. डॉक्टरांना पाचवा पुरा झाल्यावर सांगेन म्हणत होती, मग ते तिला पुढे काउंटरवर बसवणारच होते.

व्यासराजाने काय करावं? डॉक्टरांना सांगितलं तर खोटं उघडं पडतं. तिला सांगितलं तर ती घाबरते. त्याने मग स्वतःच्या अकलेने एक तोड काढली. आजपासून सीटी मी बघतो, तू एक्स-रे बघ, म्हणाला. ती छोटी काच लख्ख होती, तिला काही झालं नव्हतं, तिच्यामागे पोरगी सुखरूप राहील, असा त्याचा साधा हिशेब. ढगाळ काचेमागे आपण बसू, आपलं काय, आपलं आयुष्य निम्म्याहून जास्त झालं.

पवित्राला ते झोंबलं. सीटी शिकायला तिने चेन्नईला सहा महिने काढले होते, आणि आता मामा तिला पुन्हा हातपाय, छाती, गुडघा यांच्यावर नेऊन बसवत होता. तिने दोनदा विचारलं. त्याने दोनदा काहीतरी थातुरमातुर सांगितलं. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही, आणि डबा खायला त्याच्याबरोबर बसायचीही बंद झाली. सीतालक्ष्मीने घरी खोदून खोदून विचारलं, पोरीशी काय बिनसलं तुमचं. तो म्हणाला, काही नाही. चार आठवडे हे असं चाललं. सीटीच्या काचेतून पेशंट वाफेतून दिसावा तसा दिसे, आणि व्यासराजाला स्वतःचं डोकंही तसंच झाल्यासारखं वाटे.

मग त्याला मुरारी आठवला. मुरारी सीतालक्ष्मीच्या भावाचा मुलगा, दारासुरमला राहतो, तंजावरच्या विद्यापीठात काचेवर काहीतरी संशोधन करतो. काय करतो ते घरात कोणालाच नीट माहीत नव्हतं. मुलगा पस्तिशीला आला तरी भट्टीत काच वितळवत बसतो, एवढीच त्याची घरात ख्याती. एका रविवारी व्यासराज मोपेडवर बसून दारासुरमला गेला. दोन्ही बाजूंच्या घरांतून मागांची खटखट येत होती, आणि मुरारी ओट्यावर बसून पेपर वाचत होता.

व्यासराजाने आडून आडून सुरुवात केली. समजा, एखाद्याने समजा, शिशाच्या काचेला समजा चिंच लावली. मुरारीने पेपर खाली ठेवला आणि हसू दाबलं. "आतोबा, कोणत्या एखाद्याने लावली?"

मग सगळं बाहेर आलं. मुरारी आत जाऊन एक पत्र्याची डबी घेऊन आला. डबीत रुपयाएवढ्या काचेच्या चकत्या होत्या, एकेका पाकिटात, पाकिटावर आकडे. त्याने त्या एकामागून एक आतोबाच्या तळहातावर ठेवल्या. आकार सगळ्यांचा एकच. पण पहिली हलकी आणि पाण्यासारखी, पुढची जरा जड आणि फिकट पिवळी, तिच्या पुढची आणखी जड आणि मधाच्या रंगाची, आणि शेवटची तर हातात शिशाच्या गोळीसारखी बसली. फरक इतकाच होता, मुरारी म्हणाला, की प्रत्येकीत बिस्मथ या जड धातूचं ऑक्साइड आधीच्यापेक्षा थोडं जास्त टाकलं. जितकं जास्त, तितके किरण जास्त अडतात.

मग शेवटचीच सगळ्यांत चांगली म्हणायची, व्यासराज म्हणाला. मुरारी म्हणाला, तसं नाही. तिचा रंग गडद होतो, ती मऊ होते, नखाने नाही पण वाळूने ओरखडते. बेरियम घातलं तर काच पांढरी आणि टणक राहते, पण किरण कमी अडवते. बोरॉनची काच कमी आचेवर वितळते, म्हणून सोयीची, पण दमट हवेत पाणी धरते आणि आंधळी होते. चिमूटभर सिरियम घातलं तर जबर किरणांखालीही ती काळी पडत नाही, पण त्याने ती थोडी पिवळी पडते. शिसं सगळ्यांत जुनं आणि स्वस्त, पण विषारी, म्हणून तर आम्ही त्याच्या जागी दुसरं शोधतोय.

व्यासराजाचं डोकं भणाणलं. या पोराला एक गोष्ट विचारावी तर दहा सांगतो, आणि दहाही एकमेकींच्या उलट. "मज एवढं सांग, मुरारी," तो म्हणाला. "माझी काच मेली की जगली?"

जगली, मुरारी म्हणाला. साध्या काचेत वाळू, सोडा आणि चुना असतो, तिला चिंच काही करत नाही. तुमच्या काचेत निम्म्याहून जास्त वजन शिशाच्या ऑक्साइडचं आहे. ते आंबटाला टिकत नाही, चिंच त्याला पृष्ठभागावरून ओढून काढते आणि वर पोकळ पापुद्रा उरतो. तोच तुम्हाला धुरकट दिसतो. पण तो केसाच्या जाडीचा शंभरावा भागही नसेल. आत अख्खी काच जशीच्या तशी आहे. दिसायला वाईट झाली, पण अडवायला आहे तेवढीच चांगली आहे. किरण अडवणारी कोणतीही शिशाची काच घ्या, आतोबा, रात्रभर चिंच लावा, सकाळी ती अशीच दिसेल.

व्यासराजाला इतकं हायसं वाटलं की त्याने मुरारीच्या बायकोने आणलेली कॉफी एका दमात प्यायली आणि जीभ पोळून घेतली. निघताना पायात चप्पल घालता घालता तो थांबला. एक चप्पल पायात, एक जमिनीवर. कोणतीही शिशाची काच घ्या.

"मुरारी," तो म्हणाला, "दुसरीला काही झालं नाही."

कोणत्या दुसरीला, मुरारीने विचारलं. व्यासराजाने सांगितलं. मुरारीने डबीचं झाकण लावलं. मग म्हणाला, असेल, दुसऱ्या जातीचीही असेल, बेरियमवाली वगैरे, नुसत्या डागावरून खात्रीने सांगता यायचं नाही, बघावं लागेल. पण साध्या काचेला चिंच काही करत नाही, हे त्यानेच मघाशी सांगितलं होतं, आणि व्यासराजाला ते आता आठवलं. पवित्राला त्याने उचलून कुठून कुठे नेऊन ठेवलं होतं?

त्याने वाटेत मोपेड दोनदा थांबवली. एकदा गाडी बंद पडली म्हणून आणि एकदा आपणच बंद पडतो की काय असं वाटलं म्हणून. त्याला अकरा वर्षांपूर्वीचा एक दिवस आठवत होता. स्ट्रेचरचा कोपरा लागून पडद्याची छोटी काच फुटली होती. संध्याकाळपर्यंत नवी बसली होती. जुनी जरा पिवळसर होती, नवी पांढरी शुभ्र. आणि आपणच, हो आपणच, बसवणाऱ्याला म्हणालो होतो, वा, ही काच किती छान, आता कुठे नीट दिसतं.

सोमवारी पेशंट यायच्या आधी तो सेंटरला पोहोचला. दार आतून लावून त्याने पडद्याच्या चौकटीचे चार स्क्रू काढले. चौकटीत काचेभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी दुमडून कोंबलेली होती, कारण खाच जाड काचेची होती आणि काच पातळ होती. एका हाताने ती सहज बाहेर आली. जुनी काच दोन्ही हातांनी धरायला लागायची हे त्याला आता आठवलं. अकरा वर्षं त्या चौकटीला हात टेकून उभे राहिलो आणि एकदाही बोटाने टकटक करून पाहिलं नाही, याचा त्याला असा राग आला की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

मग त्याने तो करतो तेच केलं. एक्स-रेच्या प्लेटवर शिशाचं छोटं अक्षर ठेवलं, डावा-उजवा हात ओळखायला पेशंटच्या बाजूला ठेवतात ते. त्यावर ती काच ठेवली. आडोशाला जायचं तर आडोशालाच आता भोक होतं, म्हणून खोलीबाहेर जाऊन भिंतीआडून बटण दाबलं. खरी काच असती तर तेवढा चौकोन पांढराफटक आला असता आणि अक्षर त्यात बुडून गेलं असतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र उमटलं. काच जवळजवळ दिसतच नव्हती. अक्षर मात्र कोरल्यासारखं स्वच्छ होतं.

तो बाकावर बसला. पवित्रा आली, दार वाजवलं, तेव्हा त्याने उठून ते उघडलं आणि पुन्हा येऊन बसला. चित्र समोर होतं. ती पोरगी याच कामातली, तिला वाचून दाखवायची गरज नव्हती. त्याने चिंचेपासून सगळं सांगितलं, डॉक्टरांशी बोललेलं खोटंही सांगितलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती. तिने एकच विचारलं.

"पुसलात ते चुकून. लपविलात कां?"

तो चौकटीचे काढलेले स्क्रू गोळा करू लागला. ती काउंटरकडे निघून गेली आणि त्यानंतर अठरा दिवस त्याच्याशी बोलली नाही. हे अठरा दिवस त्याने मोजले होते.

डॉक्टर महालिंगांपुढे तो उभा राहिला तेव्हा त्याला वाटलं होतं, नोकरी जाणार. डॉक्टरांनी चित्र उजेडाकडे वळवून पाहिलं. मग म्हणाले, तो दिवस मला आठवतो, बाहेर पेशंटची रांग होती, मीच कंपाउंडरला म्हटलं होतं, कशीही कर पण आजच्या आज बसव. कंपाउंडर बिचारा केव्हाच वारला होता. दर दोन वर्षांनी मीटर घेऊन माणूस यायचा, तो मीटर छातीच्या उंचीला धरायचा, तिथे शिशाचा पत्रा होता. कोणाची चूक म्हणावी हे दोघांनाही कळेना. डॉक्टरांनी एक्स-रेची खोली त्याच दिवशी बंद केली, आणि पवित्राच्या छातीला लावलेला बिल्ला, ज्यात अंगावर पडलेले किरण नोंदले जातात, तो तीन महिने भरायच्या आधीच तपासायला पाठवला.

मग वाट बघणं आलं. मुरारी रोज फोन करून धीर द्यायचा. काच तोंडासमोर होती, आतोबा, पोट पत्र्यामागे होतं, घाबरू नका. व्यासराज हो हो म्हणायचा आणि फोन ठेवल्यावर पुन्हा पहिल्यापासून घाबरायचा. तोंडासमोर होती म्हणजे डोळ्यांसमोर होती, हे त्याच्या नंतर लक्षात आलं. एकोणपन्नासाव्या वर्षी त्याचा उजवा डोळा मोतीबिंदूने गेला होता, ऑपरेशन झालं, तेव्हा डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, इतक्या लवकर? साखर असेल. साखर होतीही थोडी. आता ते साखरेने झालं की काचेने, हे कोणाला विचारायचं आणि कोण सांगणार? त्याने ते सीतालक्ष्मीलाही सांगितलं नाही. पण पवित्राचा प्रश्न आठवला आणि मग सांगितलं. सीतालक्ष्मी ऐकून घेऊन एवढंच म्हणाली की माझ्या चिंचेला कोणी बोल लावू नका, आणि आत जाऊन डोळे पुसून आली.

त्याचा सगळा जीव त्या बिल्ल्यात अडकला होता. देवळात जाऊन काय मागावं हेही कळेना, कारण जे व्हायचं ते होऊन गेलेलं, आता फक्त आकडा यायचा होता. होऊन गेलेल्या गोष्टीसाठी नवस बोलतात का? तरी तो बोलला.

अठराव्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं. कागदावर पवित्राच्या नावापुढे शून्य होतं. डॉक्टरांनी ते तमिळमध्ये वाचलं, मग इंग्रजीत वाचलं, तरी व्यासराज उभाच. पवित्राने कागद त्याच्या हातात दिला आणि घरच्या बोलीत म्हणाली, "मामा, कांही नाही. बसा आतां." तो बसला आणि लहान मुलासारखा रडला. डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिले.

नवी काच आली ती पौषात. आणणाऱ्याबरोबर कागद होता, शिक्का होता. व्यासराजाने कागद बाजूला ठेवून आधी तेच शिशाचं अक्षर काढलं. या वेळी चौकोन पांढराफटक आला, अक्षर कुठल्या कुठे. काच बसली. इतकं झाल्यावर त्याने खिशातून लिंबू काढलं, कापलं, आणि काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक फोड रगडून तशीच चिकटवून ठेवली. बसवणाऱ्याला वाटलं, नजर काढतोय. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, तसंच काहीतरी असेल म्हणून त्याने हातही जोडले. दुसऱ्या दिवशी त्या कोपऱ्यात रुपयाएवढा धुरकट डाग पडला होता, निळ्या-जांभळ्या कडेचा. डॉक्टर म्हणाले, नव्या काचेचं वाटोळं केलंस. हा म्हणाला, हो सर, केलं. या वेळी लपवलं नाही.

पवित्राला फाल्गुनात मुलगी झाली. पोरगी ठणठणीत आहे, रडते तेव्हा गल्लीत ऐकू जातं. सहा महिन्यांनी पवित्रा कामावर परतली. पहिल्याच दिवशी तिने फडकं घेऊन पडद्याची काच पुसायला घेतली आणि कोपऱ्यातला डाग निघेना. तिने मामाकडे वळून पाहिलं.

"तो राहूं दे," व्यासराज म्हणाला. "रोज आल्यावर आधी तो बघ. डाग असला तर येथे उभी राहा. कधी काच अवघी लख्ख दिसली, तर आत पाऊल टाकूं नको, आधी मज हाक मार."

तिने फडकं घडी करून खिशात ठेवलं. बाहेर बाकावर गुडघ्याचा एक पेशंट केव्हाचा बसला होता. तिने त्याला आत बोलावलं, टेबलावर निजवलं आणि पडद्याआड गेली. व्यासराज सीटीच्या खोलीच्या दारात उभा राहून तिने बटण दाबेपर्यंत त्या डागाकडे बघत राहिला.